नंदा सिस्टरचा सातवा प्रश्न

हडपसरला गाडीतळाच्या मागच्या गल्लीत एक तीनमजली प्रसूतिगृह आहे. तिथं ज्यांच्या लेकीसुना बाळंत झाल्या, त्यांतल्या बहुतेकांनी नंदा सिस्टरची बोलणी खाल्लेली आहेत. पाटीवर नाव डॉक्टरीणबाईंचं होतं, पण आत राज्य नंदाचं. नातू झाला म्हणून जिन्यात मोठमोठ्यानं फोनवर बोलणाऱ्या आजोबांना ती म्हणायची, "आवाज कमी. बाळंत तुम्ही झालेला नाहीत." डबा घेऊन अवेळी आलेल्या मावश्यांना म्हणायची, "भेटीची वेळ पाटीवर लिहिलीय. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते." एवढं बोलून ती डाव्या पायावर जरा कमी भार देत पुढच्या खाटेकडे निघून जायची. मागं उरलेला माणूस आपल्याला शिवी मिळाली की सल्ला, याचा विचार करत बसायचा.

दोन हजार सात साली या प्रसूतिगृहात कॉम्प्युटर आला. दहा वर्षांपूर्वी जिथं उसाचे फड होते, तिथं आता काचेच्या इमारती उभ्या होत्या. त्यांतल्या एका छोट्या कंपनीनं बाळंतिणींसाठी एक प्रोग्राम तयार केला होता आणि तो वापरून बघायला फुकट दिला होता. अनिरुद्ध नावाचा चष्मेवाला इंजिनिअर तो लावून द्यायला आला, तेव्हा नंदानं पहिलाच प्रश्न विचारला, "हे बाळंतपण करणार की नुसतंच बघत बसणार?"

तो प्रोग्राम बघत बसणाराच होता, पण कामाचं बघणारा. गरोदर बाईचं रक्त एरवीपेक्षा लवकर दाटतं. बाळंतपणात ते वाहून जाऊ नये म्हणून शरीरानंच केलेली ती सोय. कधीकधी ही सोय अंगाशी येते. पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते, पाय सुजतो, दुखतो, आणि ती गुठळी सुटून वर फुप्फुसात जाऊन अडकली तर चालतीबोलती बाई दहा मिनिटांत संपते. हा धोका कुणाला जास्त, ते आधीच ओळखायचं काम कॉम्प्युटर करणार होता. बारा प्रश्न होते. वजन फार आहे का, वय किती, सीझर झालंय का, असे. प्रत्येक 'हो'ला गुण. बेरीज चारवर गेली की पडद्यावर लाल चौकट, आणि मग त्या बाईला रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, रोज, पोटावर, बाळंतपणानंतर दीड महिना. चारच्या आत असलं की हिरवी चौकट आणि घरी जा.

सातवा प्रश्न असा होता: आईला किंवा सख्ख्या बहिणीला कधी पायात अथवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? याला दोन गुण.

पहिल्या महिन्यातच नंदाच्या लक्षात आलं की सातव्या प्रश्नाला सगळ्या जणी 'नाही' म्हणतात. म्हणणारच. शेजारी सासू बसलेली. माहेरच्या दुखण्यांची यादी सासूपुढं वाचून दाखवेल अशी सून हडपसरात काय, कुठंच जन्माला आलेली नाही. तेव्हा नंदानं स्वतःची एक पद्धत पाडली. फॉर्म भरताना नातेवाइकांना बाहेर काढायचं. बाहेर म्हणजे खोलीबाहेरच्या बाकावरसुद्धा नाही, कारण मध्ये नुसतं प्लायवूड होतं आणि पलीकडं खोकलेलं अलीकडं ऐकू यायचं. थेट जिन्याखाली. सासू कुरकुरली तर नंदा म्हणायची, "तुमची सून पळून जात नाही. खाली जाऊन बसा." आणि सून एकटी राहिली की तिला म्हणायची, "हे बघ, हा कागद आहे, लग्नाची बैठक नाही. खोटं तिथं बोलून झालंय सगळ्यांचं. इथं खरं सांग."

मग पोरी सांगायच्या. कुणाची आई पायानं गेलेली, कुणाची बहीण बाळंतपणात 'अचानक' गेलेली. दोन वर्षांत अकरा जणींची हिरवी चौकट या एका पद्धतीनं लाल झाली, आणि त्या अकराही जणी आज जिवंत आहेत. डॉक्टरीणबाई चारचौघांत सांगायच्या, "कॉम्प्युटर त्यांचा, पण अक्कल आमच्या सिस्टरची." नव्या आलेल्या दीपाली सिस्टरला ही पद्धत नंदानं पाठ करून घेतली होती.

आता त्या डाव्या पायाचं सांगायला हवं, कारण नंदानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

एक्याऐंशी साली नंदाला मुलगी झाली, आम्रपाली. बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी नंदाचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला, पांढराफटक पडला, कातडी चकाकायला लागली. सरकारी इस्पितळात सहा आठवडे ती खाटेवर होती. गुठळी वर सरकली नाही, एवढंच तिचं नशीब. घरी आली ती काठी टेकत. सासूनं आठ दिवस बघितलं आणि नवव्या दिवशी तिला तान्ह्या पोरीसकट खडकवासल्याजवळ माहेरी पोचवलं. "पाय बरा झाला की या," असं सांगितलं. पाय बरा व्हायला चौदा महिने लागले म्हणा, किंवा नवरा बाबुरावला आईपुढं तोंड उघडायला चौदा महिने लागले म्हणा. एक दिवस तो एकटाच आला आणि मायलेकींना घेऊन हडपसरला वेगळं बिऱ्हाड करून राहिला. पुढं नंदा नर्सिंग शिकली, नोकरीला लागली. पाय मात्र पहिल्यासारखा झाला नाही. गुडघ्याखाली तो कायमचा काळवंडला. साडीखाली ती घट्ट पट्टी बांधायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "उभ्याची नोकरी. सगळ्या सिस्टरांचे असेच होतात." मुलीलाही तेच सांगितलं होतं. खरं माहीत असलेली दोन्हीकडची थोरली माणसं एकेक करून गेली, उरला होता एकटा बाबुराव, तोही दोन हजार चार साली गेला. मग ही गोष्ट जगात फक्त नंदाच्या पायात उरली.

ती दडवून ठेवायचं कारण आम्रपालीचं लग्न. स्थळ चांगलं आलं होतं. मुलगा बुद्धभूषण, इंजिनिअर, निर्व्यसनी. त्याची आई रतनबाई, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, पांढरं सुती लुगडं, शांत आवाज. विहारात दोन्ही घरं भेटली तेव्हा रतनबाई म्हणाल्या, "आम्हाला देणंघेणं नको. पत्रिकेवर तर आपला कुणाचाच विश्वास नाही. आम्ही पत्रिका बघत नाही, प्रकृती बघतो. आपल्या घराण्यात काही नाही ना?"

नंदाला माहीत होतं की या बाईंची थोरली सून आज कुठं आहे. लग्नानंतर तिला फिट येते असं कळलं आणि दोन महिन्यांत ती परत माहेरी गेली, भांडण नाही, आरडाओरडा नाही, रतनबाईंनी स्वतः बॅग भरून दिली होती. नंदा म्हणाली, "काही नाही."

सातवा प्रश्न तिला पहिल्यांदा तिथं विचारला गेला होता, असं म्हटलं तरी चालेल.

आम्रपाली त्या काचेच्या इमारतींतल्याच एका कंपनीत टेस्टर होती. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. आईच्या प्रसूतिगृहातला फॉर्म तिनं एकदा गंमत म्हणून बघितला आणि हसत म्हणाली, "आई, यात बग आहे. सातव्याला नुसतं हो किंवा नाही. 'माहीत नाही' कुठाय? आणि कुणी खोटं सांगितलं तर याला कळणार कसं?"

"त्यासाठी मी आहे ना," नंदा म्हणाली.

दोन हजार नऊ साली आम्रपालीला दिवस गेले. नाव अर्थातच आईच्या प्रसूतिगृहात घातलं. पहिल्या तपासणीला रतनबाई सुनेबरोबर आल्या. फॉर्म भरायला दीपाली बसली, कारण स्वतःच्या लेकीचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, हा नियमही नंदाचाच. दीपालीनं शिकवल्याप्रमाणे रतनबाईंना बाहेर जायला सांगितलं. त्या उठल्या आणि प्लायवूडच्या पलीकडं बाकावर जाऊन बसल्या.

जिन्याखाली पाठवायला हवं होतं. दीपालीनं नंदाकडं बघितलं. नंदानं मान खाली घातली. ज्या बाईनं शेकडो सासवांना खाली पिटाळलं होतं, तिला स्वतःच्या विहीणबाईंना 'उठा' म्हणता आलं नाही. मुलीकडची बाजू. कितीही शिका, नोकरी करा, वंदना म्हणा, मुलीच्या आईची मान विहिणीपुढं खाली जाते ती जातेच. या एका गोष्टीचा मला इतका संताप येतो की पुढचं लिहिताना हात आवरावा लागतो.

दीपालीनं प्रश्न विचारत विचारत सातवा विचारला. आम्रपाली म्हणाली, "ते आईलाच विचार. समोरच तर आहे."

नंदाच्या डोक्यात बेरीज झाली. आमूचं वजन जास्त, त्याचा एक. सातव्याला 'हो' म्हटलं तर आणखी दोन. झाले तीन. चारच्या आतच. म्हणजे हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, चौकट हिरवीच राहणार. मग बाकावर बसलेल्या बाईला चार वर्षांपूर्वीचं खोटं कशाला ऐकवायचं? पलीकडं रतनबाई हलकंसं खोकल्या.

"नाही," नंदा म्हणाली. "आमच्याकडं असलं काही नाही."

दीपालीनं 'नाही'वर खूण केली. बेरीज एक. हिरवी चौकट.

त्या दिवसापासून नंदानं स्वतः पहारा सुरू केला. शिंप्याकडची टेप आणली आणि दर रविवारी लेकीच्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या. आम्रपाली हसायची, "पायजमा शिवतेयस का?" नंदा म्हणायची, "गप बस. हलू नको." कॉम्प्युटरला खोटं सांगितलं होतं, पण तिचा स्वतःवर विश्वास होता. आपण आहोत ना. वीस-बावीस वर्षं बायकांचे पाय बघितलेत. असं ती स्वतःला समजावायची आणि ते खरंही वाटायचं, कारण नऊ महिने काही झालं नाही.

नवव्या महिन्याच्या शेवटी बाळाचे ठोके मंदावले आणि तातडीनं सीझर करावं लागलं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. रतनबाईंनी खोलीतल्या सगळ्यांना पेढे दिले, आयाबायांनाही दिले, आणि नातीकडं बघून म्हणाल्या, "अंगानं निकोप आहे. बरं झालं." दीपालीनं कॉम्प्युटरवर सीझरची खूण केली. सीझरला दोन गुण. एक आणि दोन, तीन. चौकट हिरवीच.

आता नंदाची बेरीज पाच होती.

पाच म्हणजे लाल. पाच म्हणजे रोज पोटावर इंजेक्शन, दीड महिना, रतनबाईंच्या डोळ्यांदेखत, आणि त्यांचा तो शांत प्रश्न, "हे कशासाठी?" नंदा उठून डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. त्या दुसऱ्या ऑपरेशनला आत गेल्या होत्या. ती पाच मिनिटं उभी राहिली. पाच मिनिटं म्हणजे काही फार नाही. थांबली असती तर त्या आल्याही असत्या. पण तेवढ्यात खोलीतून रतनबाईंचा आवाज आला, "विहीणबाई, बाळाला टोपी कुठली घालायची?" आणि नंदा परत फिरली. मनाशी म्हणाली, उद्या सांगू. तिनं आमूला दुसऱ्याच दिवशी उठवून चालवलं, पाणी भरपूर पाजलं. उद्या डॉक्टरीणबाई परिषदेला मुंबईला गेल्या. परवा नंदाचं धैर्य गेलं.

पाचव्या दिवशी आम्रपाली बाळासह माहेरी, नंदाच्या घरी आली. रतनबाई रोज सकाळी येऊन दुपारपर्यंत नातीजवळ बसायच्या. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायला मैनाबाई यायची. शेजारच्या मांजरी गावची मैना, हाताची मऊ, निम्म्या हडपसरातली पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. नंदाची रजा आठ दिवसांची होती. नवव्या दिवशी ती कामावर रुजू झाली.

अकराव्या दिवशी सकाळी निघण्याआधी तिनं टेप काढली. उजवी पोटरी पस्तीस. डावी साडेछत्तीस.

टेप सरकली असेल म्हणून पुन्हा मोजली. साडेछत्तीसच.

"दुखतंय का?"

"जरा ओढल्यासारखं होतंय गं. अवघडला असेल," आम्रपाली म्हणाली. बाळ दूध पीत होतं.

बाहेरच्या खोलीत रतनबाई आल्या होत्या, मैना तेल कोमट करत होती. आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलवायची आणि आमूला घेऊन जायचं, एवढंच करायचं होतं. म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. नंदानं ठरवलं, दुपारी डॉक्टरीणबाई येतील, त्यांना एकट्यांना गाठायचं, सगळं सांगायचं, त्यांच्याच गाडीनं आमूला न्यायचं, म्हणजे कुणाला काही वाटणार नाही. चार-पाच तासांचा प्रश्न. निघताना ती दारात थांबली आणि मैनाला म्हणाली, "आज बाळालाच तेल लाव. आमूला नको."

"का वो सिस्टर? बरं नाय का तिला?" मैनानं विचारलं.

रतनबाईंनी वर बघितलं.

"बरी आहे," नंदा म्हणाली. "दमलीय, एवढंच."

"मग तर लावायलाच पाहिजे," रतनबाई म्हणाल्या. "दमणूक तेलानंच जाते."

नंदा चपला घालून निघून गेली.

पुढचं तिला नंतर मैनानं सांगितलं, रतनबाईंनी सांगितलं, शेजारणींनी सांगितलं, आणि ते सगळ्यांचं सारखंच होतं. आम्रपाली म्हणाली की डावा पाय दुखतोय. मैना म्हणाली, "वात भरलाय बाई. दाबून देते, बघ कशी हलकी व्हशील." तिनं घोट्यापासून मांडीपर्यंत चांगला जोर लावून तेल जिरवलं. आम्रपाली कळवळली तेव्हा रतनबाई म्हणाल्या, "सोस जरा. मोकळा होईल." मायेनंच म्हणाल्या. तेल लावून झाल्यावर आम्रपाली न्हायला म्हणून उठली, न्हाणीच्या दारापर्यंत गेली, चौकट धरून सासूला म्हणाली, "आत्या, श्वास येत नाहीये," आणि खाली बसली.

रिक्षा प्रसूतिगृहाशी थांबली तेव्हा नंदा दुसऱ्या एका पोरीचा फॉर्म भरत होती. तिनं त्या पोरीच्या सासूला नुकतंच जिन्याखाली पाठवलं होतं. तीच सासू धावत वर आली आणि ओरडली, "सिस्टर, खाली कुणाची तरी लेक आणलीय."

आम्रपालीच्या केसांना तेलाचा वास होता. छातीवर दाब देता देता नंदाचे हात तेलकट झाले. निरोप मिळून धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी वीस मिनिटांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

दुःखात माणसं धीर देतात. नंदाला दिलेला धीर असा होता, की तो देणाऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी स्वतःचीच जीभ चावली असती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझ्यासारखी आई असून हे झालं, म्हणजे कुणालाच टाळता आलं नसतं." दीपाली रडत म्हणाली, "सिस्टर, मी सगळे प्रश्न नीट विचारले होते हो." जावई म्हणाला, "आई, तुम्ही तुमच्या परीनं सगळं केलंत." नंदा ऐकून घ्यायची. सांगायला तोंड उघडायची आणि समोरचा तिच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा.

मैनाला मात्र कुणी पेला दिला नाही. आठवड्याभरात हडपसर-मांजरीत झालं की तिच्या हातानं बाळंतीण गेली. तिची सात घरं होती, सातही सुटली. एका दुपारी ती प्रसूतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. नंदा बाहेर आली तेव्हा मैनानं आपले दोन्ही तळवे पुढं केले.

"सिस्टर, तुम्ही शिकलेल्या हाय. खरं सांगा. माझ्या या हातानं झालं का वो?"

हे हात चोळायला गेले तेव्हा गुठळी तिथं होती. ती तिथं आहे हे माहीत असलेली बाई हडपसरात एकच होती आणि ती सकाळी चपला घालून निघून गेली होती. एवढं सांगायचं होतं.

"जा तू घरी, मैना," नंदा म्हणाली. "ऊन फार आहे."

महिन्याभरानं अनिरुद्ध आला. हिरवी चौकट असताना बाई गेली, असं हे पहिलंच उदाहरण होतं, म्हणून कंपनीनं त्याला चूक शोधायला पाठवलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्यानं फॉर्म उघडला आणि एकेका प्रश्नावर बोट ठेवत गेला. सातव्यावर आला तेव्हा म्हणाला, "इथं 'हो' असतं तर पाच झाले असते. शंभर टक्के पकडलं असतं आपण. पण इथं नाही आहे. म्हणजे आमचंच गणित कच्चं." मग चष्मा काढून तो नंदाकडं वळला. तिशीचासुद्धा नव्हता. "मॅडम, आय ॲम सॉरी. आमच्या प्रोग्राममुळे तुमची मुलगी गेली."

नंदानं त्याची माफी ऐकून घेतली. घेतली म्हणजे परत केली नाही.

रतनबाई नातीला घेऊन गेल्या होत्या. तिचं नाव ऋतिका ठेवलं. नंदाला दर रविवारी दोन तास भेटायला परवानगी होती, आणि त्या दोन तासांवर ती उरलेले दिवस काढत होती. पोरीच्या गालाला आमूसारखी खळी पडायची. नंदा तिच्या तळपायाला ओठ लावायची, डाव्या तळपायाला जरा जास्त वेळ. माझं जे काही उरलंय ते एवढंच, असं ती दीपालीला एकदा म्हणाली होती.

नऊ महिन्यांची झाली तेव्हा रतनबाई ऋतिकाला गोवराच्या लशीसाठी प्रसूतिगृहात घेऊन आल्या. आता बाळांचीही फाइल कॉम्प्युटरवर निघायची. दीपालीनं नाव घातलं, जन्मतारीख घातली, आणि उरलेले रकाने आपोआप भरले गेले.

"आईच्या फाइलमधून येतं हे सगळं," दीपाली म्हणाली. "फक्त एकदा बघून घ्या, काकू. रक्तगट बरोबर? घराण्यात रक्ताच्या गुठळ्यांचा आजार..." ती अडखळली. "इथं आईच्या फाइलमधलं 'नाही' आलंय. बदलायला पाहिजे ना? आईला तर..."

"ठेवा, ठेवा," रतनबाई म्हणाल्या. "नाहीच ठेवा. मुलीची जात आहे. उद्या तिचं लग्न व्हायचंय. झालं ते अपघातानं झालं, घराण्यात काही नाही. काय विहीणबाई?"

ऋतिका नंदाच्या मांडीवर होती. नंदाच्या गळ्यातली माळ धरून ओढत होती.

तिला उत्तर माहीत होतं. 'नाही' म्हटलं की येता रविवार होता, त्याच्या पुढचा रविवार होता, खळी होती. ही पोरगी पंचवीस-तीस वर्षांनी कुठल्यातरी इस्पितळात बसेल, कुणीतरी सिस्टर तिला सातवा प्रश्न विचारेल, आणि ती म्हणेल, नाही, आमच्याकडं असलं काही नाही. त्या वेळी नंदा नसेल. म्हणजे बघावंही लागणार नाही.

"दीपाली, बदल," नंदा म्हणाली. "आई, हो. आणि खाली आजीचा रकाना आहे. तिथंही हो."

"कुठली आजी?" रतनबाईंनी विचारलं.

नंदानं एका हातानं साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि पट्टी सोडली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर. पाय वांग्याच्या सालीसारखा जांभळाकाळा होता. "मी. आमूच्या वेळी. बाराव्या दिवशी. आमूचा फॉर्म भरताना तुम्ही त्या बाकावर बसला होतात म्हणून मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर ती आज असती. त्या दिवशी सकाळी मी तिचा पाय मोजला होता. दीड सेंटिमीटर जास्त होता. मैनाचा काही दोष नाही."

दीपालीनं तोंडावर हात ठेवला. रतनबाईंनी त्या पायावरची नजर नंदाकडं वळवली. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही कामावर गेलात."

"हो."

रतनबाई उठल्या, पुढं झाल्या, आणि नंदाच्या मांडीवरून ऋतिकाला उचललं. माळ पोरीच्या मुठीत अडकली होती. रतनबाईंनी एकेक बोट सोडवून ती काढली, हळूच, पोरीला लागू नये म्हणून. फाइलचा कागद दीपालीनं छापून पुढं धरला, तो घेतला नाही. लस टोचून न घेताच त्या जिना उतरून गेल्या.

त्या रविवारी दार उघडलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. जावयानं फोन घ्यायचं बंद केलं. नंदा मांजरीला मैनाकडं गेली आणि चारचौघींसमोर खरं सांगितलं. मैना ऐकून घेऊन म्हणाली, "आता सांगून काय व्हणार सिस्टर? घरं गेली माझी," आणि आत जाऊन तिनं दार लावलं. डॉक्टरीणबाईंनी नंदाला कामावरून काढलं नाही, फक्त फॉर्म भरायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. ते बरोबरच केलं.

नंदा आता निवृत्त आहे. दर वर्षी ऋतिकाच्या वाढदिवसाच्या आधी ती हडपसरच्या पोस्टात जाते. फाइलच्या त्याच छापील कागदाची प्रत पाकिटात घालते, सोबत चार ओळी: तुझ्या आईला आणि आजीला हा आजार होता, मोठी झालीस की डॉक्टरांना सांग, विसरू नको. पाकिटावर नाव ऋतिकाचंच असतं. रजिस्टर पोस्टानं पाठवते आणि आठ-दहा दिवसांत ते 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येतं. अशी सात पाकिटं तिच्या कपाटात आहेत.

खिडकीवरचा कारकून तिला ओळखतो. यंदा तो म्हणाला, "आजी, दर वर्षी परत येतंय. कशाला पाठवता?"

"आत्ता कुठं ती आठ वर्षांची होतेय," नंदा म्हणाली. "अजून दाराची वरची कडी तिच्या हाताला लागत नसेल. तुम्ही शिक्का मारा."